पिवळ्या पट्ट्याची झाडं

१२ जून

जळवा. मोज्यात, कानामागं, कमरेला. मीठ लावलं की गळून पडतात म्हणे, पण इथल्या हवेत मीठच आधी गळून पडतं. डबा उघडला तर आत नुसतं पाणी.

नोकरी लागली. काम रंगाऱ्याचं, पण भिंती नाहीत, झाडं आहेत. एका संस्थेनं हे जंगल वाचवायचं घेतलंय. तिथले सर म्हणाले, वाचवायचं तर आधी आत काय आहे ते कळायला हवं. म्हणून माझ्या एका खांद्याला पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्याला पिवळ्याचा. झाड धडधाकट असेल तर छातीच्या उंचीवर पांढरा पट्टा. खोडावर माणसानं केलेला घाव असेल तर पिवळा. संपलं. चौथीतून शाळेला रामराम ठोकलेल्या माणसाला याहून सोपं काम कोण देणार?

थोरल्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "आता झाडं रंगवायला लागलास? उद्या आभाळाला चुना लाव." मग म्हणाला, "तू पायाला भिंगरी बांधून जन्मलायस. हॉटेल सोडलंस, वीटभट्टी सोडलीस, बसवरची क्लीनरकी सोडलीस. बघू इथं किती टिकतोस."

म्हणून लिहायला घेतलं. टिकलो तर त्याच्या तोंडावर मारायला लेखी पुरावा. नाही टिकलो तर चूल पेटवायला कागद.

राहायला एका राळ गोळा करणाऱ्याच्या घरी मागची खोली मिळाली. त्यांना मामा म्हणतो, बाईंना मामी. सख्खं कोणी नाही, पण इतक्या लांब आल्यावर माणसाला कुणाला तरी मामा म्हणावंच लागतं.


१५ जून

संस्थेच्या कचेरीसमोर सगळ्या वस्तीला बोलावलं होतं. सर चांगले आहेत. आवाज चढवत नाहीत, बाटलीतलं कोमट पाणी पितात, म्हाताऱ्यांना खुर्ची देतात. म्हणाले, "हे जंगल आणि तुमचं पोट, दोन्ही टिकलं पाहिजे. एकाला मारून दुसरं जगवायचं नाही. ज्यांचं जगणं झाडांवर आहे त्यांची झाडं आम्ही टिपून घेतोय. पुढं जे काही ठरेल त्यात तुमचा विचार आधी होईल."

टाळ्या पडल्या. नदीपलीकडं लाकडाची गिरणी आहे, तिचे ट्रक रोज जातात. तिकडचा डोंगर भादरलेल्या डोक्यासारखा दिसतो. ते बघून बघून लोक घाबरलेलेच होते.

सभा सुटल्यावर मी सरांना विचारलं, "पिवळ्या पट्ट्याच्या झाडांचं काय होणार?"

"त्यांच्याकडं खास लक्ष द्यायचंय," सर म्हणाले.

खास लक्ष. माझ्याकडं आयुष्यात कुणी दिलं नाही.


१९ जून

आज मामांबरोबर त्यांची झाडं फिरलो. पाय मोडले, पण मजा आली.

इथली रीत अशी. पहिला घाव ज्याचा, झाड त्याचं. पुढं त्याच्या पोरांचं. दुसऱ्यानं त्याला कोयती लावायची नाही, मग तो उपाशी मरत असला तरी. कागद नाही, सही नाही. खोडावरचा जुना वण हीच सही.

मामा झाडांची ओळख करून देतात ती पाहुण्यांची द्यावी तशी. "ही थोरली, माझ्या बापाची. ही तिची जाऊ. दोघींचं पटत नाही, एकमेकींचा उजेड खातात. आणि ही बहिरी. हिला कितीही हाका मार, थेंब देत नाही."

"मग ठेवलीय कशाला?"

"घरात एखादं माणूस ऐकत नसलं तर काय बाहेर काढतो का आपण? मग तुझी मामी केव्हाच गेली असती."

ते कोयतीनं एक चीर देतात, बोटाएवढी. न्हावी कानामागं वस्तरा फिरवतो तसा हात. तेवढ्यातून राळ ओघळते, ती डब्यात धरायची. मग ती चीर भरून येईपर्यंत त्या झाडाकडं जायचं नाही. मी म्हणालो, दोन चिरा दिल्या तर दुप्पट मिळेल की. मामा म्हणाले, "तुला दोन ठिकाणी कापू का? बघू दुप्पट काम करतोस का."

प्रत्येक झाडावर मी पिवळा पट्टा ओढत गेलो. मामा मागं उभे राहून बघत होते. थोरलीपाशी म्हणाले, "इथं जरा जाड काढ."


२० जून

दिवसभर झोपलो. गुडघे.


२८ जून

टपरीवाल्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. आज त्यानं मला फुकट चहा दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "रंगवाले, खरं सांग. हा पिवळा कशाचा?"

मला नक्की माहीत नव्हतं. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "पिवळा म्हणजे तुमचं झाड. सर म्हणाले ना, ज्याचं जगणं झाडावर, त्याचा विचार आधी. ज्याचे पट्टे जास्त त्याचा हक्क जास्त."

"सर असं म्हणाले?"

"म्हणाले म्हणजे तेच म्हणाले. दुसरा काय अर्थ?"

दुसरा कप आला. दुधाचा.

खोलीवर आल्यावर जरा वाटलं, जास्त बोललो का? पण विचार केला तर चुकीचं काही नाही. घावाचं झाड म्हणजे कुणाच्या तरी घासाचं झाड. संस्थेला तेच तर बघायचंय.


६ जुलै

आता माझा भाव वाढलाय. "आमच्या बाजूला कधी येणार?" करत लोक सकाळीच दारात. एका म्हातारीनं माझ्या बुटांना नाडी आणून दिली. थोरल्याला सांगितलं तर म्हणतो, "लाच म्हणतात त्याला." त्याचं काही खरं नाही, जळतो.

सरांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "इतकी?"

"अजून वरचा अख्खा डोंगर राहिलाय सर."

"अरे देवा," सर म्हणाले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला बरं वाटलं. इतक्या लोकांचं पोट या झाडांवर आहे हे त्यांना आज कळलं असणार.


११ जुलै

आज वरच्या अंगाला गेलो तर झाडांच्या बुंध्याशी पांढऱ्या ढलप्या पडलेल्या. ओल्या. घाव ताजे, काही तर सकाळचेच. चिरा नव्हेत, खाचा. हाताचा पंजा मावेल अशा. ज्याला पोरांच्या पेन्सिलीला टोक करता येत नाही अशा माणसाच्या.

लोक उठून झाडं धरत सुटलेत. पहिला घाव ज्याचा, झाड त्याचं. तीच त्यांची जुनी रीत, आणि त्यावर माझा पिवळा पट्टा. एका झाडावर तर दोन भावांचे दोन बाजूंनी घाव, आणि दोघं भांडत उभे. मला म्हणाले, तूच ठरव. मी पट्टा ओढला आणि सटकलो.

घरी मामांना सांगितलं. मामा भात कालवत राहिले. मामी बोलली. "बघा, परवा आलेला पोरगा सांगतोय. शेजारच्यानं सगळी उतरण धरली. ज्याला राळ आणि शेंबूड यातला फरक कळत नाही तो उद्या हक्काचा मालक होणार, आणि तुम्ही बसा तुमच्या बहिरीला कुरवाळत."

"झाडाला उगाच लोखंड लावायचं नसतं," मामा म्हणाले.

"आणि आम्हाला उगाच उपास घडवायचा असतो?"

मामा जेवता जेवता उठले.


१६ जुलै

ओढ्याच्या वरच्या बाजूला, जिथं कुणीच जात नाही, तिथं ताजे घाव दिसले. ओळीनं. बोटाएवढे, सरळ, सुबक. तसा हात वस्तीत एकाचाच.

मी पट्टे ओढले. दुसरं काय करणार? मला पगार त्याचाच.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "कुठं होतास आज?" म्हटलं, ओढ्याकडं. ते कोयतीला धार लावत होते. धार होती तशीच होती, तरी लावत राहिले.


२ ऑगस्ट

पाहुणे आले. ज्यांच्या जिवावर ही संस्था चालते ते. उंच बूट, पाठीवर पाण्याच्या पिशव्या, नळी तोंडात. मी वाट दाखवायला पुढं.

त्यांच्यातल्या एका बाई खाच पडलेल्या झाडापाशी थांबल्या, खोडावर हात ठेवला आणि चक्क रडायला लागल्या. नाटक नव्हतं, नाक लाल झालं होतं. मी असं माणूस बघितलं नव्हतं. आमच्याकडं माणूस गेल्यावरही रडताना आधी आजूबाजूला बघतात, कोण कोण रडतंय.

मला भरून आलं. म्हटलं, झाडासाठी जी इतकी रडते ती झाडावर जगणाऱ्यासाठी किती रडेल? मामांचं नशीब उघडलं. त्या बाईंनी प्रत्येक पिवळ्या पट्ट्याचा फोटो घेतला. मी फांद्या धरून उजेड करून देत होतो.


९ ऑगस्ट

रेडिओवर बातमी. म्हणजे टपरीवर. वरचा अख्खा डोंगर बंद करणार. राळेला, लाकडाला, माणसाला. पाहुणे म्हणतात, लोकांनी जंगल पार चिरून टाकलंय.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "अजून ठरलं नाही. मी स्वतः बंदच्या विरुद्ध आहे. पण आकडे असे आलेत की माझ्या हातात फार काही राहिलेलं नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं काम मात्र चोख आहे. काही लोकांना कायम करणार आहोत, तुझं नाव दिलंय."

कायम. हा शब्द माझ्या नावाला पहिल्यांदाच चिकटला. पण सरांसमोर मला हसूही येईना.

रात्रीच्या जेवणाला मामीनं ताट आपटलं. मामांनी पाणी पिऊन, तोंड पुसून म्हटलं, "धाकट्या, मी आजवर कुणाकडं काही मागितलं नाही. पण तुझं तिथं ऐकतात. आमची झाडं गेली तर मला दुसरं काही येत नाही रे. या वयात मी काय शिकणार? एकदा बोल."

म्हटलं, "मामा, बोलतो. शब्द."


१३ ऑगस्ट

बोललो!

कचेरीत सभा होती. पाहुणे टेबलाच्या पलीकडं, वस्तीतले अलीकडं, मामा मागच्या बाकावर. भिंतीवर नकाशा लावला होता, आणि त्यावर माझे पट्टे पिवळ्या ठिपक्यांनी दाखवलेले. नकाशाला गोवर निघाल्यासारखा. पाहुणे म्हणत होते, बघा, या लोकांनी वर्षानुवर्षं काय करून ठेवलंय.

मी उठलो. म्हणालो, "साहेब, हे वर्षानुवर्षांचं नाही. निम्म्याहून जास्त घाव याच पावसातले आहेत. लोकांना वाटलं पिवळा म्हणजे हक्क. मीच तसं सांगितलं होतं. म्हणून त्यांनी मुद्दाम घाव घातले, नाहीतर एरवी हे लोक झाडाला उगाच हात लावत नाहीत."

सरांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. सगळे पाहुणे ताठ बसले. त्या रडणाऱ्या बाईंनी विचारलं, सरांनी मला सांगितलं, "त्या विचारतात, मुद्दाम? सगळ्यांनी मिळून?"

"होय बाई. सगळ्यांनी. पिढ्यांची सवय नाही, अवघ्या काही आठवड्यांतलं आहे."

"इतक्या थोड्या वेळात इतकी झाडं होऊ शकतात?"

आता हे विचारल्यावर मी कशाला मागं राहतोय? म्हणालो, "आमच्या मामांचा हात बघितला नाही तुम्ही. मनावर घेतलं तर एका सकाळीत अख्खी उतरण करतील, आणि एक चीर वाकडी जायची नाही." मागं वळून मामांकडं बोट दाखवलं. सगळ्यांनी मामांकडं बघितलं. मामा उठून उभे राहिले, लोक नाव घेतल्यावर उभे राहतात तसे.

पाहुण्यांनी बरंच काही लिहून घेतलं. बाईंनी माझा हात हातात घेऊन दाबला. सर म्हणाले, "खरं बोलायला धाडस लागतं."

चार दिवसांनी पोटभर जेवलो. मामी वाढताना म्हणाली, "बोलतोस बाई छान." मला कुणी बाई म्हणालं तरी आज चालत होतं.


२१ ऑगस्ट

वाटेवर साखळी आली. जाड, कुलूप लावलेली. बाजूला फळा. मी वाचायला गेलो, पण दोन ओळींपुढं अडलो. "हेतुपुरस्सर इजा." रेडिओला विचारलं, हेतुपुरस्सर म्हणजे काय?

"मुद्दाम," तो म्हणाला. "तुझाच शब्द. कोट घालून आलाय."

खालीच लिहिलं होतं, स्थानिक लोकांनी थोड्या काळात ठरवून झाडांना इजा केल्याचं सर्वांसमक्ष सांगण्यात आलं, म्हणून हे जंगल पुढील आदेशापर्यंत बंद.

धावत सरांकडं गेलो. "सर, मी त्यांच्या बाजूनं बोललो होतो."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. त्यांचे डोळे सुजलेले होते, झोप नसावी. "म्हणून तर त्यांना पटलं. विरुद्ध बोलणाऱ्यावर त्यांनी विश्वास ठेवला नसता. जुने घाव असते तर मी परंपरा म्हणून वाचवू शकलो असतो. माझं सगळं त्यावरच मांडलेलं होतं."

म्हणजे मी गप्प बसलो असतो तर?

हे विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं.


२२ ऑगस्ट

खोलीच्या पायरीवर माझं अंथरूण. कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवलेले. शर्टाचं तुटलेलं बटण लावलेलं. मामी दारात नव्हती. आतून तिचा आवाज आला, "दुसरी सोय बघ. आणि साबण तुझा आहे, घेऊन जा."

शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. बटण कशाला लावलं?


५ सप्टेंबर

कचेरीच्या मागं पत्र्याची खोली मिळाली. हिरवा गणवेश, शिट्टी, टॉर्च. कायम झालो.

थोरला फोनवर पहिल्यांदा नीट बोलला. "आईला सांगतो. वहिनी विचारत होती, गणवेशातला फोटो पाठव." मी म्हणालो, पाठवतो. तो म्हणाला, "शाब्बास, शेवटी एका जागी बूड टेकलं तुझं."

माझं काम साखळीपाशी बसायचं. अलीकडच्या माणसांना पलीकडं जाऊ द्यायचं नाही. पहिल्याच दिवशी मामा आले. हातात कोयती नव्हती, डबा नव्हता. साखळीपाशी उभे राहिले. मी म्हणालो, "मामा, मी दुसरीकडं बघतो, जाऊन या." ते म्हणाले, "नाही, साहेब." आणि परत गेले.

साहेब. शिट्टी गळ्यात टोचत होती.


१९ सप्टेंबर

वस्तीतले तरणे गडी नदीपलीकडं गिरणीत लागले. झाडं पाडायला. सकाळी नावेतून जाताना मला सलाम ठोकतात. एकजण ओरडला, "साहेब, तिकडचीपण येऊन रंगवा ना! आम्हाला कुठून कापायचं ते कळेल!" सगळी नाव हसली. मीही हसलो, न हसून कुणाला सांगतो.

इकडं बसून तिकडची करवत ऐकू येते. इकडचं जंगल मात्र गच्च. खाचांना कडेनं साल यायला लागलीय. म्हणजे झाडांचं भलं झालं, हे खोटं नाही. हेच फार त्रास देतं. सगळं वाईट झालं असतं तर डोक्याला सोपं गेलं असतं.

आज पिशवी भरली. म्हटलं सुटावं, भिंगरी तर भिंगरी. नावेपर्यंत गेलो. तिथं मामा बसलेले. मला वाटलं गिरणीत निघाले. विचारलं तर म्हणाले, "जाऊन आलो. करवत हातात दिली त्यांनी. झाडापाशी उभा राहिलो, मुकादम ओरडतोय, माझा हात हलेना. हाकलून दिलं." मग म्हणाले, "घरात काही नाही. तुझ्या त्या सरांकडं माझ्यासाठी काही आहे का? झाडलोट, पाणी भरणं. शब्द टाक."

ज्यानं असं वाटोळं केलं त्याच्याकडंच मागायला आले. मी पिशवी घेऊन परत फिरलो.


२३ सप्टेंबर

सरांशी बोललो. या वेळी आधी नीट विचार करून. म्हणालो, सर, आता बाहेरचे पाहुणे जंगल बघायला येणारच आहेत, तुम्ही त्यांच्यासाठी लाकडी फळ्यांची वाट बांधताय. त्यांना राळ कशी काढतात हे बघायला आवडेल. मामांसारखा हात कुणाचा नाही. एक झाड त्यांना द्या. ते कसब दाखवतील, पगार मिळेल, झाड न तोडता पोट भरतं हेपण लोकांना दिसेल.

सरांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी. "हेच! हेच मी सांगत होतो पहिल्यापासून. जंगलही, पोटही." त्यांनी लगेच वर विचारलं. एका झाडाची परवानगी आली.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, "थोरली मिळेल?"

थोरली फार आत आहे. पाहुण्यांना चालत नाही.


१८ ऑक्टोबर

झाड फळ्यांच्या वाटेच्या कडेला. स्वच्छतागृहापासून जवळ, सावलीही बरी. कुणाच्याच मालकीचं नव्हतं, कारण राळेला ते कधी चांगलं नव्हतंच. मामांना संस्थेचा शर्ट, मागं पानाचं चित्र.

पाहुण्यांची प्रत्येक टोळी आली की एक चीर. मामा पहिल्या दिवशी म्हणाले, "एकदा दिली की आता थांबायला हवं." सर म्हणाले, "दुपारी दुसरी टोळी आहे हो." मामांनी माझ्याकडं बघितलं. मी टोळी मोजण्यात गढून गेल्यासारखं केलं.

मागच्यांना दिसत नाही म्हणून चीर जरा मोठी करायला सांगितली. मामा करतात. हात तसाच, एक वाकडी जात नाही.


६ नोव्हेंबर

मामी स्वच्छतागृहात कामाला लागली. माझ्याशी बोलते आता. म्हणजे "पाय पुसून जा" एवढं. घरात दोन पगार येतात, पूर्वी इतकं कधी आलं नव्हतं. सर सगळ्यांना सांगतात, या जोडप्याकडं बघा.

आज एका पाहुण्यानं विचारलं, असं रोज कापल्यानं झाडाला त्रास नाही का होत? मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "सांग त्यांना, नाही होत."

मी सांगितलं.


२७ नोव्हेंबर

झाड थांबलं. खालपासून डोक्याच्या वरपर्यंत चिरा, पानं एका बाजूनं करपलेली. मामा चीर देतात, आत नुसतं कोरडं लाकूड. पाहुणे कॅमेरा धरून वाट बघतात, मग एकमेकांकडं बघतात.

सर म्हणाले, "दुसऱ्या झाडाची परवानगी मिळणार नाही. सकाळी थोडी राळ लावून ठेवत जा. फसवणूक नव्हे, नमुना म्हणायचं." नदीपलीकडच्या बाजारातून डबा आणला. तिकडं पाडलेल्या झाडांची निघते, स्वस्त असते.

म्हणून आज लवकर गेलो. मामा यायच्या आत उरकायचं ठरवलं होतं. राळ कोमट करून बोटानं चिरांमध्ये भरत होतो, हात चिकट झालेले, घाई. मागं फळी वाजली. वळून बघितलं तर मामा. शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले, कोयती पुसून आणलेली.

मी डबा मागं लपवला. लहान पोरासारखा. म्हटलं, "मामा, सरांनीच..."

मामांनी कठड्याला टेकून झाडाकडं बघितलं. मग पुढं आले, माझं मनगट धरलं आणि बोट वर सरकवलं.

"एवढ्या खाली नको," ते म्हणाले. "आधी वरच्या कडेला जमते, मग ओघळते. तू खालून लावलंयस. बघणाऱ्याला कळतं."

वळणावर टोळीचा आवाज आला. मी वरून लावलं.